‘आपली’ विमाने, कोणाचा शत्रू?

मराठी युद्धसाहित्याची चर्चा निघाली की विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’पाशी (१९३९) आपण थबकतो. त्या कादंबरीतले रणांगण जहाजावर आणि माणसांच्या मनात आहे. प्रत्यक्ष आघाडी तिथे नाही, आणि ती असावी ही अपेक्षाही गैर. पण त्यानंतर तीनच वर्षांत भारतीय वैमानिक खऱ्याखुऱ्या आघाडीवर होते. त्या अनुभवाची दखल आपल्या समीक्षेने कितीशी घेतली?

फेब्रुवारी १९४२. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टौंगूला पोहोचते न पोहोचते तोच तिथल्या धावपट्टीवर जपानी बॉम्ब पडले. तिची लायसँडर विमाने मुंबईच्या युद्धनिधीतून आलेली. लष्कराला टेहळणीत साहाय्य करण्यासाठी घडवलेली, संथ, उडतानाही चाके बाहेरच राहणारी. रूढ अर्थाने ती लढाऊ नव्हतीच. स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांनी अशाच एका विमानाला अडीचशे पौंडी बॉम्ब लावून सयाममधील माए हाँग सोनच्या तळावर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी सारी स्क्वाड्रन त्याच मोहिमेवर गेली. सयामने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारून तेव्हा जेमतेम आठवडा लोटला होता.

शौर्य निर्विवाद आहे. अवघड आहे ते सर्वनाम. ‘आपली विमाने’ म्हणताना त्या ‘आपण’मध्ये कोण कोण येते? त्याच महिन्यात सिंगापूर पडले आणि तिथल्या भारतीय युद्धकैद्यांतून पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आमच्या विदर्भात, चिमूरला, त्याच साम्राज्याच्या पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. मजुमदारांना मिळालेले शौर्यपदकही त्याच साम्राज्याचे. १९४५ साली लाहोरला हवाई कसरती करताना ते गेले. स्वतंत्र देशाचे आकाश त्यांना लाभले नाही.

इतिहास अशा माणसांना नोकर किंवा वीर ठरवून मोकळा होऊ शकतो. साहित्याला ती सोय नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद मराठीइतक्या सहजतेने सांगणाऱ्या भाषा थोड्या. ढाणकीसारख्या गावातल्या वर्गातही ‘रणांगण’ शिकवताना हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल: माए हाँग सोनवर झेपावणाऱ्या त्या वैमानिकाने मनातल्या मनात कोणते सर्वनाम उच्चारले असेल? याचे उत्तर शोधणारी कादंबरी मराठीत लिहिली जायला हवी, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.