दमा दमाबरोबरच जावा काय?

हिंदी मुलखाला लागून असलेल्या आमच्या खानदेशात एक म्हण रुळून गेली आहे : दमा दम के साथ जाता है. रोगी खोकू लागला, त्याला धाप लागली, की घरातील वडीलधारे ती उच्चारतात आणि ती उच्चारली की पुढचा विचार थांबतो. जो रोग श्वासाबरोबरच जायचा आहे त्याच्यावर रोजचे औषध कशाला, रोजचा खर्च कशाला, असा हिशेब मनातल्या मनात होतो. म्हणींत पूर्वजांचा अनुभव साठवलेला असतो हे आम्हांस मान्य आहे. परंतु ही म्हण ज्या काळात जन्मली त्या काळात दम्यावर खरे औषध नव्हते. आज ते आहे. म्हणून या म्हणीला आता शहाणपण म्हणवत नाही. तो निष्काळजीपणा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तीव्र दम्याबरोबर दिवस काढणे म्हणजे काय, हे धडधाकट माणसाला सहसा कळत नाही. पहाटे तीनच्या सुमारास छातीत शिट्ट्या वाजू लागतात आणि रोगी उठून बसतो, उशी मांडीवर घेऊन पुढे वाकतो. आडवे होण्याची सोय नसते. बोलताना एक वाक्य दोन-तीन तुकड्यांत तोडावे लागते. विहिरीवरून पाण्याची कळशी आणणे, दवाखान्याचा जिना चढणे, वरातीत चार पावले चालणे, मोठ्याने हसणे या प्रत्येक गोष्टीची आधी मनात किंमत करावी लागते. आणि झटका ओसरला की लोक म्हणतात, काल तर बरा होता, सोंग करतो!

त्यात आमचा प्रदेश असा की वर्षातील एकही ऋतू दमेकऱ्याला पुरता सोडत नाही. धुळ्याची पौष-माघातली बोचरी थंडी, होळीचा धूर, चैत्र-वैशाखातल्या वावटळी आणि रस्त्यांवरचा फुफाटा, पावसाळ्यानंतर बांधाबांधावर फुललेले गाजरगवत, दिवाळीचे फटाके, पुढे कापसाची वेचणी आणि जिनिंगमधील उडते तंतू. जळगावच्या डाळमिलमध्ये पोटासाठी राबणाऱ्याने भुशाची धूळ टाळावी तरी कशी? ज्या घरी अजून चुलीत पऱ्हाटी जळते, त्या घरची सून दिवसातून दोनदा धुरासमोर बसते. तिला धूर टाळण्याचा उपदेश करणे सोपे आहे. गॅसची टाकी पुन्हा भरून आणण्याचे पैसे तिच्या हाती आहेत काय, हे विचारणारे थोडे.

आता औषधाविषयी. दम्यात श्वासनलिकांना आतून कायमची सूज असते. झटका हे त्या सुजेचे केवळ दृश्य रूप. साल्ब्युटामॉलचा फवारा आकसलेली नळी काही तासांपुरती मोकळी करतो, सूज मात्र तशीच राहते. सूज उतरवते ते श्वासावाटे रोज घ्यावयाचे स्टेरॉइड. प्रौढांना व किशोरवयीनांना केवळ तात्पुरत्या आरामाच्या फवाऱ्यावर ठेवू नये, अशी शिफारस ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा या जागतिक मंडळाने २०१९ साली केली. पण आपल्याकडे ‘पंप’ म्हणजे शेवटची पायरी! पंपाची सवय लागते, पंप घेणाऱ्या मुलीला स्थळ येत नाही, स्टेरॉइड घातक असते, असे एकमेकांना सांगत आम्ही पंप पदराआड लपवतो.

या भीतीचा हिशेब एकदा मांडू या. श्वासावाटे घ्यावयाचा बुडेसोनाइडचा एक फवारा बहुधा १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमचा असतो. झटक्यात द्याव्या लागणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत जातात, म्हणजे वजनाने त्या फवाऱ्याच्या दोनशेपट किंवा त्याहून अधिक. आणि त्या सबंध शरीरात पसरतात. जो माणूस स्टेरॉइडच्या भयाने पंप टाळतो, तोच बाजारच्या दिवशी एखाद्या भोंदूकडून बिननावाची पुडी नेतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच दळलेले आढळते. दोन दिवसांत आराम पडतो आणि पुडीवाल्याचे नाव होते. वर्षा-दोन वर्षांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. तेव्हा पुडीवाला दुसऱ्या गावी गेलेला असतो.

दरवर्षी मृग लागताना हैदराबादेत बथिनी गौड कुटुंबाकडून जिवंत माशाच्या तोंडी घातलेले औषध गिळण्यासाठी हजारोंची रांग लागते. त्या रांगेतील माणसांची आम्ही थट्टा करणार नाही. ज्याला श्वास मिळत नाही तो कोठेही जाईल. पण त्या औषधाचा गुण शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्या प्रवासाच्या खर्चात फवाऱ्याचे काही महिने निघाले असते, हेही सांगितले पाहिजे.

जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अभ्यासानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक येथे घडतात. रोग तोच, हवेतील फरक धरला तरी एवढी तफावत कशी? कारण आम्ही झटक्यावर उपचार करतो, रोगावर करीत नाही. शासनाचीही रीत तीच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तो स्वागतार्हच होता. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. माणूस निळा पडून खाटेवर आला की शासन धावते. तो खाटेवर येऊ नये म्हणून लागणारा रोजचा फवारा त्याने मजुरीतून घ्यावा! बुडेसोनाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जे अत्यावश्यक, ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळीवर बारा महिने दिसले पाहिजे.

कोणी म्हणेल, काहींचा दमा एवढा तीव्र असतो की तो फवाऱ्यालाही दाद देत नाही. खरे आहे. असे रोगी आहेत, आणि त्यांना तज्ज्ञाची व महागड्या औषधांची गरज असते. त्यांच्यासाठी शासनाने अधिकच केले पाहिजे. परंतु ज्यांना आपण तीव्र म्हणतो, त्यांतील अनेकांचा दमा केवळ उपचाराविना वा फवारा चुकीच्या रीतीने घेतल्यामुळे तीव्र झालेला असतो. दक्षिण आफ्रिकेत हेदर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली फवाऱ्याला जोडून मुलांना औषध दिले आणि ती विकतच्या उपकरणाइतकीच उपयुक्त ठरल्याचे १९९९ साली दाखवून दिले. फेकून देण्याच्या बाटलीने जे साधते, त्याला गरिबीची सबब किती दिवस चालेल?

शेवटी स्वकीयांना दोन शब्द. दुखणाइताच्या उशाशी बसून ‘हा तुझा क्रूस आहे, सहन कर’ असे म्हणणे आम्हां धर्मगुरूंना फार सोपे जाते. जो क्रूस उतरवता येतो तो दुसऱ्याच्या खांद्यावर राहू देणे ही भक्ती नव्हे. येशूने आजाऱ्यांना सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही, त्यांना बरे केले. मिस्सेत धुपाने मंदिर भरून टाकतो तेव्हा मागच्या बाकावरील म्हातारी उठून बाहेर का जाते, हे पाहण्याची तसदी आपण घ्यावी. धूप कमी जाळल्याने आराधना उणी होत नाही. धर्मग्रामाच्या शाळेत दमेकरी मुलाचा फवारा कार्यालयाच्या कपाटात कुलुपाआड न राहता त्याच्या दप्तरात असावा, आणि झटका आल्यास काय करावे हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावे. सोयरीक जुळवताना पंप लपवू नये आणि पंप पाहून सोयरीक मोडूही नये. नियमित औषध घेणारी मुलगी संसार करू शकते. चोरून औषध बंद करणारी मात्र पहिल्या हिवाळ्यातच दवाखान्यात जाते.

दम या फारसी शब्दाचा अर्थच श्वास. मराठीने त्याच शब्दापासून धीरही घडवला : दम धरा, असे आपण म्हणतो. दमेकऱ्याने आजवर पुष्कळ दम धरला आहे. आता त्याला दम धरायला सांगू नका. त्याचे औषध त्याच्या हाती द्या.