दान कसें द्यावें?

वाढदिवस आश्रमांत जाऊन साजरा करण्याची चाल अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांत पडली आहे. वाशी-नेरूळकडील सुखवस्तु कुटुंबें मोटारीनें पनवेलच्या बाजूस जातात, तेथील निराश्रितांस केक व वेफर्स वाटतात आणि छायाचित्रें काढून सायंकाळीं परततात. या चालीची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. मुलांच्या मनांत परक्याविषयीं कळवळा उपजणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु देणाऱ्यास आनंद झाला म्हणजे घेणाऱ्याची गरज भागलीच असें होत नाहीं, हें आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं घरांतील जुने कपडे एका वृद्धाश्रमांत नेऊन दिले. तेथील व्यवस्थापकांनीं मोठ्या नम्रतेनें आम्हांस एक खोली दाखविली. ती अशाच गांठोड्यांनीं छतापर्यंत भरली होती. "चादरी, औषधें आणि रात्रपाळीच्या सेविकेचा पगार, एवढें मात्र कोणी देत नाहीं," असें ते म्हणाले. आमची मान खालीं गेली. घरचें कपाट रिकामें करण्यास आम्हीं दानाचें नांव दिलें होतें!

तेव्हांपासून आम्हीं स्वतःपुरते तीन नियम केले आहेत.

पहिला नियम असा कीं, देण्यापूर्वीं विचारावें. गरजा काळाप्रमाणें बदलतात. पनवेलजवळ नेरे येथें कुष्ठरोग निवारण समितीचें शांतिवन आहे. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार १९९५ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत विनामूल्य मिळत आला आहे, व त्यानें रोग बरा होतो. तरी बऱ्या झालेल्या मनुष्यास घरचें दार उघडेलच असें नाहीं. त्यास निवारा लागतो, काम लागतें, आणि म्हातारपणीं जवळ बसणारें माणूस लागतें. हें विचारल्यावांचून कळत नाहीं.

दुसरा नियम, थोडें द्यावें पण नेमानें द्यावें. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठीं १८८७ सालीं बोस्टन येथें मंडळी स्थापन झाली. तिच्या सभासदांनीं दहा वर्षेंपर्यंत दरसाल एकेक डॉलर देण्याचें वचन दिलें; त्याच्या आधारावर १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं वर्षास एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, व त्यांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. ठराविक रक्कम ठराविक वेळीं येणार अशी खात्री असेल, तरच संस्थेस पुढील वर्षाचा विचार करतां येतो.

तिसरा नियम, हिशेब मागावा. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे काय, पावती मिळते काय, हें पुसण्यांत कोणाचाही अपमान नाहीं. मात्र पगारावर खर्च होतो म्हणून नाक मुरडूं नये. सेविकेसही घरभाडें असतें.

या नियमांनीं एक अडचण उत्पन्न होते. मिळकत मोजकी असल्यामुळें आम्हीं एकच संस्था निवडली, आणि इतर अनेकांस नकार द्यावा लागतो. तो देतांना मन टोंचतें. स्टेशनाच्या पुलावर पुढें आलेला हात तर कोणताच नियम जुमानीत नाहीं. त्यासाठीं आम्ही महिन्याच्या रकमेंतून थोडे पैसे वेगळे ठेवितों, व ते देतांना फारसा विचार करीत नाहीं. सर्वच दया मोजूनमापून करतां येत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या वर्षीं प्रत्येक वर्गानें एक संस्था निवडावी, तिला काय हवें तें विचारावें, व एक पेटी ठेवावी. ४० मुलांनीं आठवड्यास ५ रुपये टाकिले, तर ४० आठवड्यांत ८,००० रुपये होतात. कोणी किती टाकिले याची यादी मात्र करूं नये. ज्याच्या घरीं तितकेंही नसेल, त्याची मान वर्गांत खालीं जातां कामा नये. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. तिचें नांव कोणींही लिहून ठेविलेलें नाहीं.