कॅडीचं नाव कुठाय?

आमच्या धाकट्या बंधूंचा कंपू दर रविवारी येरवड्याला गोल्फ खेळतो. मग खबरबात येते: कोण जिंकलं, कोणाचा गुडघा बदलला, कोणाला नातू झाला. आणि पिशवी वाहणारा कॅडी? पन्नाशीचा असला तरी नुसता 'पोरगा'!

अहो मंडळी, फटका कसा मारावा हे, जोडीदार सोडला तर, नियमाने फक्त कॅडीलाच विचारता येतं. १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर मुळात दिल्लीतले कॅडीच.

बक्षिसी देता म्हणता? द्यायलाच हवी. पण ३५ वर्षं हजेरी घेतलेली बाई सांगते, पटावर नाव नसलेलं पोर वर्गात असूनही नसतं. येत्या रविवारपासून त्यांचीही नावं लिहा.