आठ दिशा, आठ कामं: गोल मेनूत नववं काम नको!



जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून धंदा सुरू करताय? उत्तम. लायसन्सचे पैसे वाचले. आता माझं स्पष्ट मत ऐका: त्यावर गोल मेनू बसवा, पण त्यात आठच कामं ठेवा.

गोल मेनू म्हणजे काय? 'काँडो' नावाचं सॉफ्टवेअर बघा. मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि फ्लॅटहबवर मिळतं. पूर्वी 'ग्नोम-पाय' वापरलं असेल, तर हे त्याच डेव्हलपरचं नवं काम. कंट्रोल आणि स्पेस दाबलं की माउसचा बाण जिथे असेल तिथेच, त्याच्याभोवती आयकॉनचं चक्र उघडतं. हव्या त्या दिशेला माउस सरकवा, क्लिक करा, झालं. उबंटूच्या नेहमीच्या ग्नोम डेस्कटॉपवर सोबत एक छोटं एक्स्टेंशन घालावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

"सर, डेस्कटॉपवर आयकॉन आहेत की!" आहेत, पण चार खिडक्या उघडल्या की ते मागे दडतात. उभ्या यादीत खालचं नाव लांब असतं, वरचं जवळ. चक्रात मात्र सगळे पर्याय सारख्याच अंतरावर. 1988 मध्ये अमेरिकेत आठ पर्यायांचे गोल आणि उभे मेनू लोकांना वापरायला देऊन तुलना केली, तेव्हा गोल मेनूवर निवड साधारण 15 टक्के लवकर झाली आणि चुकाही कमी झाल्या.

पण माझ्यासाठी वेग ही दुय्यम गोष्ट आहे. खरी गंमत आहे दिशेची. बिल वर, बँक उजवीकडे, स्टॉकची शीट खाली, व्हॉट्सअ‍ॅप वेब डावीकडे, जीएसटी पोर्टल एका कोपऱ्यात. जागा बदलू नका. काही दिवसांत हाताला सवय लागते, डोळ्यांनी शोधावं लागत नाही. ग्राहक समोर उभा असताना "एक मिनिट हं, फाइल शोधतो" म्हणणं बंद होतं. बारा-पंधरा आयकॉन कोंबलेत तर दिशा एकमेकींना चिकटतात आणि परत शोधाशोध सुरू.

आणखी एक सोय: ठरलेला मजकूर एका क्लिकवर पेस्ट होतो. दुकानाचा पत्ता, यूपीआय आयडी, "ऑर्डर मिळाली, धन्यवाद" हे रोज टाइप कशाला करायचं? पासवर्ड मात्र तिथे चुकूनही ठेवू नका. कॉम्प्युटरवर मदतनीसही बसतो.

दिवसभरात तुम्ही दोनच प्रोग्राम वापरत असाल, तर हे सगळं सोडून द्या. तुम्हाला गरज नाही. आणि थीम, रंग, आयकॉन सजवण्यात रविवार घालवणार असाल, तरीही सोडून द्या. सजवलेल्या चक्राने गल्ल्यात एक रुपया वाढत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर नंतर, आधी कागद. तीन दिवस कॉम्प्युटरवर जे जे उघडता ते लिहा, प्रत्येक वेळी एक रेघ मारा. सर्वात जास्त रेघांची आठ कामं चक्रात जातील. बिल आणि वसुलीपेक्षा यूट्यूबसमोर जास्त रेघा दिसल्या, तर दोष मेनूचा नाही. तो कागद मग मॉनिटरशेजारी चिकटवा.

आजच सुरू करा!