‘आपल्या पोरांना फिजिक्स झेपत नाही’ हे ठरवलं कुणी?

जयपूरहून सीकरकडे निघालं की वाटेत चौमूं लागतं. त्याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला कोचिंगचा मोठा बाजार आहे. चौमूंतल्या पोराला बारावीचं फिजिक्स निदान हिंदीत लिहिता येतं. आपल्याकडे मराठी शाळेत दहावीपर्यंत त्वरण, संवेग, जडत्व शिकलेली पोरगी अकरावी सायन्सला बसते आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया येऊन पडतात. विषय तिला येतो, नावं परकी असतात. ती गप्प बसते. तेवढ्यावर निकाल लागतो: या पोरांना गोडीच नाही. ‘या’ म्हणजे कोण, हे न सांगताही सगळ्यांना कळतं.

भाषा मिळाली म्हणून चौमूंतल्या पोराचं भागतं असंही नाही. नीटमध्ये आता १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ४५ फिजिक्सचे. मिनिटाला एक! इतक्या वेळात विचार होत नसतो. तसलं गणित आधी शंभरदा सोडवलेलं लागतं. तो सराव विकत मिळतो. रोजंदारीवरच्या घरात ज्याला गोडीचा अभाव म्हणतात, ती पुष्कळदा न भरलेली फी असते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांचा फिजिक्सकडे बघण्याचा दृष्टिकोन मोजणारी प्रश्नावली २००६ साली प्रसिद्ध केली. ती वापरल्यावर अनेक ठिकाणी दिसलं ते असं, की नेहमीच्या व्याख्यानी पद्धतीने शिकवल्यावर विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन भौतिकशास्त्रज्ञांपासून उलट दूर जातो. तिथे तर आपली पोरं नव्हती. मग दोष शिकवण्यात शोधायचा की शिकणाऱ्याच्या जातीत?

आता तुमचंच आठवा. बारावीला ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. व्हर्निअर कॅलिपर किती वेळा हातात आला? किती रीडिंगं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली? हाताचं काम हलकं आणि पाठांतर थोर, ही जातीचीच शिकवण प्रयोगशाळेच्या कुलपातही आहे. ज्यांच्या घरात मोटार वाइंडिंग होतं, वेल्डिंग होतं, मडकी भाजली जातात, त्यांच्याच पोरांना चुंबकत्व, उष्णता ‘अवघड’ म्हणून सांगायची!

मेघनाद साहांना कोलकात्याच्या ईडन हिंदू होस्टेलात सवर्ण मुलांनी पंगतीला बसू दिलं नाही. त्यांचं आयनीभवनाचं समीकरण १९२० चं. पण साहांचं नाव घेऊन ‘बघा, जिद्द असली की होतं’ म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. पंगत कुणी मोडली, हे ते सांगत नाहीत.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर. गावच्या शाळेत, कॉलेजात पालकसभेला जा आणि विचारा: फिजिक्सच्या शिक्षकाची जागा किती वर्षं रिकामी आहे? प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते? अकरावीचे पहिले दोन महिने दोन्ही भाषांत शिकवायला अडचण काय? उत्तर लेखी मागा. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल आणि तरीही देत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.