करमणूक ही खैरात नाही

मनोरुग्णालयातलं गाणं, चित्रकला म्हणजे टाइमपास, असं मानणारे मला सतत भेटतात. गोळ्या दिल्या, जेवण दिलं, आणखी काय हवं? मग १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन येतो. रांगोळी स्पर्धा, पाहुण्यांचा सत्कार, फोटो. ११ तारखेला रंग कपाटात आणि माणसं पुन्हा खाटेवर.

हा नुसता आळस नाही, कायद्याकडे केलेली डोळेझाक आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २०नुसार विरंगुळा, करमणूक, शिक्षण आणि धर्माचरण यांच्या सोयी हा रुग्णाचा हक्क आहे. सक्तीने काम करून घेऊ नये, केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे पणत्या फुकट रंगवून घ्यायच्या, विकायच्या आणि त्याला कलोपचार म्हणायचं, हेही चालणार नाही.

आता आपल्या मुस्लिम समाजाविषयी. आपल्या व्याख्यानांत तुर्कस्तानातल्या एदिर्नेचा दाखला मोठ्या अभिमानाने दिला जातो. सुलतान दुसरा बायझिद याने १४८८मध्ये तिथे दवाखाना बांधला. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी लिहितो की, तिथे दहा गायक-वादक आठवड्यातून तीनदा रुग्णांसाठी गात-वाजवत. टाळ्या पडतात. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत, एरवाडीच्या दर्ग्यामुळे उभ्या राहिलेल्या एका खासगी आश्रमात साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. त्याबद्दल कुणी बोलत नाही. एदिर्ने आपलं, मग एरवाडी कुणाचं?

संगीत हराम की हलाल, हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. सुलेखन, शायरी, बागकाम, सोबत बसून रोजा सोडणं याला तर कुणाची हरकत नाही ना? तेही कुठे करतो आपण?

गाण्याने स्किझोफ्रेनिया बरा होतो, असं मी म्हणत नाही. औषध लागतंच. पण औषध माणसाला सोबत मिळवून देत नाही. एका टेबलावर चित्र काढताना शेजाऱ्याकडे लाल रंग मागावा लागतो, आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. घरी परतल्यावर नेमकं हेच लागतं.

महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे प्रशिक्षित माणूस आणि आठवड्याचं पक्कं वेळापत्रक असावं, अशी मागणी आपण करायला हवी. आणि १० ऑक्टोबरला पाहुणे म्हणून बोलावलं, तर हार घेण्याआधी एवढंच विचारा: उद्या काय आहे?