फजरला निघा, मगरिबला घरी या

आपल्या घरातल्या बायकांच्या प्रवासाची कारणं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. माहेर, शादी, मय्यत, दवाखाना आणि नशिबात असेल तर हज-उमरा. साताऱ्यातल्या चाळिशीच्या एखाद्या भगिनीला विचारा, कास पाहिलंत का? "शाळेत असताना सहल गेली होती," असं उत्तर येतं. सांगलीतल्या भगिनीला विचारा, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम कधी पाहिला? तो शहराला लागूनच आहे. "जाऊ की कधीतरी," असं त्या म्हणतात. आणि शौहरांसोबत, दोघंच, केवळ पाहायला म्हणून कुठे गेलात, असं विचारलं तर आधी हसू येतं. मग लग्नानंतरच्या महाबळेश्वरची आठवण निघते. तोवर थोरली मुलगी कॉलेजात पोचलेली असते.

या महिन्यात मला यावरच बोलायचं आहे. फिरण्याला आपण चैन समजतो, आणि पती-पत्नींनी दोघंच फिरण्याला तर थोडा चावटपणाच. माझं म्हणणं असं की महिन्यातून एक दिवस दोघांनी जवळपास कुठेतरी जाऊन यावं. घराला आठवणी लागतात, आणि त्या घरात बसून फार थोड्या तयार होतात.

दीनच्या दृष्टीनेही याकडे पाहू. जमिनीवर फिरा आणि पाहा, हा आदेश कुरआनात अनेक ठिकाणी आला आहे. सूरह अनकबूतमध्ये तर अल्लाहने निर्मितीची सुरुवात कशी केली ते फिरून पाहायला सांगितलं आहे. पती-पत्नीच्या सहवासाबद्दल म्हणाल, तर हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस अबू दाऊद आणि मुसनद अहमदमध्ये आहे. एका सफरीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितलं आणि हजरत आयेशांशी धावण्याची शर्यत लावली. त्या जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि हसत म्हणाले की ही त्या दिवसाची परतफेड. साऱ्या उम्मतची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने यासाठी वेळ काढला. आपल्या दुकानाचं आणि स्वयंपाकघराचं काम त्याहून मोठं नाही.

आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. गेली तीन वर्षं आम्ही महिन्यातला एक रविवार असा ठेवला आहे. नियम तीनच. फजर पढून निघायचं, मगरिबला घरी यायचं आणि जेवण घरचं न्यायचं. सुरुवातीला नात्यात कुजबुज झाली. "या वयात हे काय नवीन?" आमच्या सासूबाईंनी त्यावर एकच वाक्य ऐकवलं, "जाव बेटा, हमारे जमाने में कौन लेके जाता था?" त्यानंतर कुणी बोललं नाही.

पहिली सहल कासची. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढला की हवा बदलते, आणि पंचवीसेक किलोमीटरवर पठार येतं. 2012 साली पश्चिम घाटातली जी स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात कास आहे. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलांचा हंगाम. तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, कवल्याचा पिवळा, मधूनच गेंदाचे पांढरे ठिपके. पंधरा दिवसांनी गेलात तर रंग बदललेला. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते, म्हणजे आज बहर पाहिला तर पुढचा पाहताना घरातलं पाचवीतलं मूल बारावीत असणार. हे सगळं जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरावर. मोठ्या झाडाला तिथे मूळ धरता येत नाही, म्हणून ही इवलीशी फुलं. आमचे हे बराच वेळ उकिडवे बसून ती माती पाहत होते. "एवढ्याशा मातीत एवढं," इतकंच म्हणाले.

ठोसेघरची सहल मात्र माझ्या जास्त लक्षात आहे, आणि ती धबधब्यामुळे नव्हे. माझे सासरे गेले तेव्हा हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. शिक्षण सोडून दुकानात बसले. एवढं मला माहीत होतं. समोर पाणी कोसळत होतं, डबा उघडलेला होता, आणि हे सहज सांगू लागले की दुकानावर अब्बांची उधारी होती, ती फेडायला सहा वर्षं लागली. आमच्या निकाहच्या वेळीही शेवटचे दोन हप्ते राहिले होते. पण माझ्या मेहरची रक्कम त्यांनी त्याआधीच वेगळी काढून ठेवली होती. निकाहच्या दिवशीच मेहर रोख हातात पडला, याचं माझ्या माहेरी सगळ्यांना कौतुक होतं. तो कसा साठला, हे मला वीस वर्षांनी कळलं.

घरी हे का निघालं नाही? घरात कान असतात. भिंतीपलीकडे सासूबाई, दाराशी मुलं, मोबाइलवर गिऱ्हाईक. घरात आपण गॅस, फी, किराणा आणि कुणाच्या शादीत काय द्यायचं एवढंच बोलतो. सहलीतही पहिला तास हेच विषय चालतात. ते संपले की काही वेळ कुणीच बोलत नाही. भगिनींनो, त्या वेळी मोबाइल काढू नका. खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

दोघांच्या सहली अंगवळणी पडल्यावर आम्ही कधीकधी वडीलधाऱ्यांनाही सोबत घेऊ लागलो. गेल्या दीड वर्षापासून सासूबाईंना विसर पडू लागला आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. त्यांचं माहेर पाटण. दिरांची गाडी मागून घेतली, मुलालाही बसवलं आणि उंब्रजवरून पाटणमार्गे कोयनानगरला निघालो. पाटण जवळ आलं तशा त्या खिडकीकडे सरकल्या. आणि कुणी न विचारता भूकंपाची गोष्ट सुरू झाली.

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. पहाटेची 4 वाजून 21 मिनिटं. जवळपास दोनशे माणसं दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पाटण तालुक्यात असंख्य घरं पडली. एवढं आमच्याकडच्या कुणालाही ठाऊक असतं. पण ते दिवस रमजानचे होते, पहिला अशरा चालू होता, हे आता फार थोड्यांना आठवतं. सासूबाई तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या होत्या. रोजा नव्हता, पण सहरीला उठायची हौस. चूल पेटलेली होती, तव्यावर भाकरी होती. जमीन हलली आणि तवा चुलीवरून उतरून स्वतःच चालत गेला, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या अब्बांनी एकेकाला हाताला धरून अंगणात काढलं. दादी सगळ्यात शेवटी आली, आणि येताना भाकरीची टोपली घेऊन आली. गल्लीतली सगळी मुसलमान घरं सहरीसाठी जागी होती. त्यांनीच शेजाऱ्यांची दारं वाजवून माणसं बाहेर बोलावली. थंडी कडाक्याची. शेजारच्या आक्कांनी आपली घोंगडी दादीवर टाकली. सहरी अंगणातच झाली. पुढे कित्येक रात्री कुणी घरात झोपलं नाही.

माझ्या मुलाने हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. कोयना धरण आम्ही लांबूनच पाहिलं आणि नेहरू उद्यानात बसून डबा खाल्ला. आज ती गोष्ट विचारली, तर सासूबाई नुसत्या माझ्याकडे पाहतात. रेकॉर्डिंग लावलं की मात्र मन लावून ऐकतात. परवा म्हणाल्या, "ये औरत सही बोल रही है."

माझं माहेर मिरज. साताऱ्याहून जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या घरात, म्हणून तिथे आम्ही रेल्वेने जातो. माझे अब्बा आम्हा भावंडांना संध्याकाळी सतारमेकर गल्लीत न्यायचे. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण तारा जुळवताना होणारा आवाज ऐकायला आवडायचं. पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे दुकानांत टांगलेले असत, त्यांतूनच सतार आणि तंबोरा घडतो. ही कला तिथल्या मुस्लिम कारागिरांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. 1937 मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उर्सात आजही तिथे मोठमोठे कलावंत हजेरी लावतात. हे सगळं मी यांना त्या गल्लीत उभी राहून सांगितलं. जावई म्हणून ते मिरजेला वीस वर्षं येत होते, पण दिवाणखान्याच्या पुढे त्यांना कुणी नेलंच नव्हतं.

माझी खाला सांगलीत नदीकाठच्या भागात राहते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा खालाच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. जीव वाचले, अलहमदुलिल्लाह. पण फोटोंची पेटी गेली. माझ्या आई-वडिलांच्या निकाहचे फोटो त्याच पेटीत होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. आता सांगलीला गेलो की आम्ही दोघं खालाला घेऊन 1929 सालच्या त्या पुलाजवळ जाऊन बसतो. सोबत सांगलीचं भडंग. खाला एकेका फोटोचं वर्णन करते. कोण कुठे उभं होतं, कुणाच्या अंगावर कुणाची उसनी शेरवानी होती, कोण रडत होतं. मी वहीत लिहून घेते. आजवर चौदा पानं झाली आहेत.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

खर्चाची भीती बाळगू नका. कासला स्कूटरवर दोघं जाऊन आलो तर जेमतेम लिटर-दीड लिटर पेट्रोल लागतं. एस.टी.त मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. घरातल्या बुजुर्गांना नेण्यासाठी याहून चांगलं निमित्त नाही. कासला हंगामात प्रवेश शुल्क असतं आणि गर्दीवर मर्यादा असते, म्हणून आगाऊ नोंदणी करा आणि शक्यतो रविवार टाळा. आखलेल्या वाटेवरूनच चाला. फोटोसाठी फुलांत बसणाऱ्यांमध्ये आपण नसावं.

नमाजचा विचार निघण्यापूर्वीच करा. जानमाज आणि वजूसाठी पाण्याची वेगळी बाटली पिशवीत ठेवा. कास-ठोसेघरसारख्या जवळच्या ठिकाणी नमाज पूर्ण पढायची आहे. कोयना किंवा मिरज एवढं अंतर असेल तर कसरचा मसला आपल्या आलिमांना विचारून घ्या. कराडात जोहरची वेळ झाली तर तिथली आदिलशाही मशीद जरूर पाहा. चारशे वर्षांहून जुने तिचे मिनार लांबूनच दिसतात. बायकांसाठी नमाजची जागा आणि स्वच्छतागृह ही मोठी अडचण असते, हे मी अनुभवाने सांगते. वाटेत एखादं ओळखीचं घर किंवा बरं हॉटेल आधीच हेरून ठेवा. या अडचणीपायीच कितीतरी भगिनी निघायचं टाळतात. पुरुषांनी हे स्वतःहून विचारावं, बाईला सांगावं लागू नये.

पावसाळ्यात धबधब्याच्या कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका. फोटो दोन-चारच काढा आणि लगेच सगळ्या ग्रुपवर टाकू नका. काही दिवस फक्त दोघांचे राहू द्या. आणि घरातल्या वृद्धांना सोबत न्याल तेव्हा रेकॉर्डिंग सुरू ठेवा. प्रश्न कमी विचारा. रस्ता, नदी, जुनं दार दिसलं की त्या आपणहून बोलतात.

कासचा हंगाम आता सुरू आहे. सांगलीकडच्यांसाठी सागरेश्वरचं हरणांचं अभयारण्य आहे, हरिपूरचा संगम आहे. लांबच्या सहलीसाठी पैसे साठवत बसण्यापेक्षा या महिन्यातला एक दिवस आजच ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या घरांत मोहब्बत नांदवो, आपल्या बुजुर्गांना आफियत देवो आणि त्यांची गोष्ट ऐकून घेण्याची सवड आपल्याला वेळेत देवो. आमीन.